पेन्शनच्या पैशाला जमीन वर्ज्य

कोणाला साप पाहून घाम फुटतो, कोणाला सासू पाहून. आमच्या साडभाऊंना रिकामा प्लॉट पाहून फुटायचा. अख्ख्या रायपुरात, आणि तेही रायपूर नवं-नवं राजधानी झालं त्या दिवसांत, जमीन ह्या वस्तूला भिणारा असा एकच इसम होता आणि तो नेमका माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीच्या गळ्यात पडला होता. राजेहो, ते दिवस सांगून खरे वाटायचे नाहीत. कालपरवापर्यंत दिवेलागण झाली की पेंगायला लागणारं आमचं गाव, ते एका झटक्यात राजधानी झालं, आणि पाहतो तर जो तो जमीन विकून राहिला नाहीतर घेऊन राहिला. न्हावी अर्धी दाढी झाली की वस्तरा खाली ठेवायचा आणि गल्ल्यातून ले-आउटचा नकाशा काढायचा. डॉक्टर छातीला नळी लावून "लंबी साँस लीजिए" म्हणायचे आणि ती सोडायच्या आत "तेलीबांधा साइड में कुछ लिया कि नहीं?" विचारायचे. एकदा शेजाऱ्यांच्या वडिलांना पोचवायला स्मशानात गेलो होतो. चिता अजून पेटायची होती. एक गृहस्थ डोळे पुसत-पुसत माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "भैया, कॉर्नर का है, कल तक ही रोक सकता हूँ." आणि ह्या सगळ्या गदारोळात आमचे साडभाऊ बूढापारा ह्या जुन्या मोहल्ल्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत मांडी घालून बसलेले, आणि येईल त्याला सांगत, "पेन्शनच्या पैशाले जमीन वर्ज्य हाय."

आता हे पेन्शनचं काय झेंगट होतं ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल माणूस जन्मतःच असा होता. तसा तो थोडा होताच म्हणा. तर साडभाऊ रायपूरच्या एका जुन्या कारखान्यात हिशेबनीस होते. कारखान्याचा कामगारांच्या पेन्शनसाठी स्वतःचा निधी होता आणि तो सांभाळायला विश्वस्त होते, अर्धे मालकांनी नेमलेले, अर्धे कामगारांनी निवडलेले. कामगारांच्या बाजूने साडभाऊ दर वेळी बिनविरोध निवडून यायचे, कारण ते नियमांचं जाडजूड पुस्तक वाचायची दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. कायद्याचं म्हणणं थोडक्यात असं की, हा पैसा म्हाताऱ्यांचा आहे, तो विश्वस्तांनी मनाला येईल तिथे घालायचा नाही. मोठा वाटा सरकारी रोख्यांत, मग सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत, काही बँकेत, असं सगळं ठरवून दिलेलं. शेत, प्लॉट, दुकान, घर ह्यांचं त्यात नावच नाही. मोडलं तर निधीची मान्यताच जाते. एवढीच गोष्ट. पण लोक गुरुचरित्राचं पारायण करतात तसं आमचे साडभाऊ आंघोळ करून, ओल्या केसांनी, पाटावर बसून हे नियम मोठ्यानं वाचत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवा जावई होतो. मला वाटलं पोथी चालली आहे म्हणून चप्पल काढून, हात जोडून उभा राहिलो. "प्रतिभूती" हा शब्द तीनदा आला तेव्हा माझे हात खाली आले.

वाचून-वाचून तो कायदा त्यांच्या रक्तात उतरला होता. लग्नाच्या पंगतीत ते आधी ताटाकडे नीट पाहून घ्यायचे. मग भरपूर वरणभात. "हे सरकारी." मग थोडी भाजी. जिलबी वाढायला कोणी आलं की तळहात आडवा: "थांबा, अगोदर सुरक्षित गुंतवणूक पूर्ण होऊ द्या." कोणाच्या वास्तुशांतीला नेलं की तर संपलंच. नवी फरशी, नवे पडदे, यजमानीण पैठणी सावरत खोल्या दाखवते आहे, आणि हे भिंतीवर टिचकी मारून विचारणार, "सगळं बेस हाय. पर ह्या घरातून पहिल्या तारखेले काय येते?" यजमान बिचारा कर्जाच्या हप्त्यानं आधीच वाकलेला, त्याचा चेहरा पाहवायचा नाही. पण कहर झाला तो माझ्या पुतणीच्या बघण्याच्या कार्यक्रमात. मुलगा भिलाईचा, उंचापुरा, शिकलेला. सगळे प्रश्न झाले, पोरीनं चहा दिला, तेवढ्यात साडभाऊ घसा खाकरून म्हणाले, "मले एकच विचारायचं हाय. मुदतीआधी मोडता येते का?" मुलाच्या आईच्या हातातली बशी खाली आली. नंतर मी चिडून बोललो तर माझ्याकडेच आश्चर्यानं पाहत म्हणाले, "काहून, गैर काय विचारलं? जिथी पोट्टी ठेवायची तिथून वापस आणता येते का नाही, हे पाह्यलंच पाहिजे ना!" गंमत अशी की ते लग्न जमलं. मुलाचे वडील घरी जाताना म्हणाले, असा माणूस ज्या घरात आहे त्या घरची पोरगी वाया गेलेली नसणार.

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीतही त्यांना एकदा बोलायला उभं केलं. कार्यकर्ते नवे होते, त्यांना काय ठाऊक! मुलांची वेशभूषा स्पर्धा संपलेली, समोर दहा-बारा छोटे शिवाजी आणि एक वांगं बसलेलं, आणि साडभाऊंनी विषय घेतला 'निवृत्तिवेतन निधी आणि स्थावर मालमत्ता'. वांगं झोपलं. शिवाजी लढायला लागले. निम्म्या बायका प्रसादाच्या बाजूला सरकल्या. आणि साडभाऊ डोळे मिटून सांगत होते की माणूस म्हातारा झाला की त्याला डोंगराएवढं धन नको, महिन्याच्या महिन्याला चहा-साखर पाहिजे. तेच वाक्य ते पुन्हा म्हणाले, पण तोपर्यंत कोणीतरी माईकची वायर काढली होती.

ह्या सगळ्याचं ओझं होतं ताईच्या डोक्यावर. ताई म्हणजे माझी मेहुणी, साडभाऊंची बायको. गरीब गाय नव्हे हो! तोंडानं फटकळ, हातानं चपळ, आणि जन्मात एकच हौस: स्वतःचं घर. बूढापाऱ्यातला घरमालक असा वल्ली की भिंतीत खिळा ठोकू द्यायचा नाही. दिवाळीला आकाशकंदील लावायचा तर ताई तो खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधायची आणि वाऱ्यानं तो रात्रभर गजावर आपटायचा. ती म्हणायची, "अहो, एक प्लॉट घ्या ना कुठंतरी. लहानसा. सगळे घेऊन राहिले." आणि साडभाऊ खरोखर दचकायचे. "म्या? म्या घेऊ? अगं, कारखान्यातल्या लोकायले म्या सांगतो, तुमच्या पेन्शनीचा पैसा जमिनीत घालता येत नाही, अन् म्याच घरी जमीन घेऊन बसू? उद्या कोणी विचारलं तर तोंड कुठी लपवू?" मी किती वेळा समजावलं, "साडभाऊ, तो कायदा निधीला आहे, तुमच्या घराला नाही." ते माझ्याकडे दयेनं पाहायचे. मी रेल्वेत नोकरीला; रेल्वेतल्या माणसाला काय कळतं, असा तो भाव असायचा.

मग तो प्रस्ताव आला. मालकांचे जावई तेव्हा कारभार पाहायला लागले होते. सुटाबुटातले, नव्या राजधानीच्या नव्या वाऱ्याचे. त्यांनी विश्वस्तांच्या बैठकीत मांडलं की निधीचा मोठा हिस्सा काढून तेलीबांध्याच्या पुढे, जिथे राजधानीचं नवं शहर वसणार होतं त्या रस्त्यावर जमीन घेऊ. दोन-चार वर्षांत दहापट होईल. नियमाचं काय? तर त्याची वाट होती. थेट जमीन घ्यायचीच नाही; एका कंपनीत पैसा ठेव म्हणून ठेवायचा, जमीन ती कंपनी घेईल. साडभाऊ म्हणाले, "तेही चालत नाही. नाव बदललं म्हणून गाढवीण गाय होत नाही." बैठक पुढच्या सोमवारवर गेली. आणि खरं नवल तर पुढे आहे: कामगारच साडभाऊंवर उलटले! रोज पेपरात भाव वाचत होते ना ते. कारखान्याच्या फाटकाशी चांगली पन्नास माणसं त्यांना गराडा घालून उभी राहिली. "बाबूजी, आप बूढ़ा गए हो!" "हमारा पैसा है, हम बोल रहे हैं न!" साडभाऊ टोपी काढून, पुन्हा घालून म्हणाले, "भैया, मान लो जमीन दसगुना हो गई. पहली तारीख को तुम पेन्शन लेने आए. मैं क्या दूँ? फावड़ा? जाओ, अपना एक हाथ खोद लो?" लोक हसले, पण ऐकलं कोणी नाही. मी म्हटलं, सरकारकडे तक्रार करा. तर म्हणाले, "केली ना! पर इथलं ऑफिस नवं. बोर्ड लागला, साहेब अजून आला नाही, फायली भोपाळहून निघाल्या अन् कुठी हायेत कोणाले माहीत नाही. उत्तर येईस्तोवर जमीन घेऊन झाली राहीन." विश्वस्तांत दुफळी अशी पडली होती की सगळं साडभाऊंच्या एका मतावर आलं होतं. त्यांनी नाही म्हटलं तर प्रस्ताव पडणार, ते नसले तर पास होणार. आणि मागे चारशे म्हाताऱ्या-होऊ-घातलेल्या माणसांचा जन्माचा पैसा.

बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी त्यांच्याकडे पोह्याला गेलो होतो. साडभाऊंनी त्या जमिनीचा नकाशा जमिनीवरच पसरला होता आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या होत्या. मला समजावत होते, "हे पाह्य, हा एवढा पट्टा निधीच्या गळ्यात मारायचा हाय. अन् हे बाजूचे छोटे प्लॉट प्लॉटवाल्यायनं अगोदरच विकून टाकले. निधीनं मोठा पट्टा घेतला की ह्या छोट्यावाल्यायची चांदी. कोण हायेत देव जाणे हे लबाड!"

ताई पोह्यांवर कोथिंबीर घालत उभी होती. तिनं वाकून नकाशाकडे पाहिलं आणि कोथिंबिरीची काडी एका कोपऱ्यावर टेकवली.

"हा माझा," ती म्हणाली.

साडभाऊंनी आधी काडीकडे पाहिलं, मग ताईकडे, मग पुन्हा काडीकडे. बूढापाऱ्यातल्या मराठी बायकांची भिशी चालायची; ताईनं वर्षानुवर्षं त्या भिशीतून, साड्यांना फॉल-पिको करून आलेल्या पैशातून, कोणाला पत्ता लागू न देता तो प्लॉट घेतला होता. माझ्या बायकोलासुद्धा बोलली नव्हती. "तुमच्या रिटायरमेंटच्या दिवशी सांगणार होती," ती म्हणाली. "आता तुम्ही लबाड म्हटलं म्हणून सांगितलं."

मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. पण साडभाऊ चिडले ते भलत्याच गोष्टीवर. "घेतला तर घेतला! पर मले काहून सांगितलं? बैठक उद्या हाय अन् तू आज सांगून राहिली?" मला काही उमगेना. तेव्हा त्यांनी मान खाली घालून सांगितलं की ज्या व्यवहारात विश्वस्ताच्या घरच्यांचा हितसंबंध असेल त्यात त्याला मत देता येत नाही. त्यानं तो सांगायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. हाही नियमच.

"अहो पण तुम्ही बाहेर बसलात की प्रस्ताव पास होतो!" मी ओरडलो.

"होतो."

"आणि तुमचं मत तर तुमच्याच प्लॉटच्या विरोधात आहे! मग कसला हितसंबंध?"

"नियमात तसं लिहिलं नाही."

"मग विसरा," ताई म्हणाली. "मी काही बोललीच नाही."

"आता कसं विसरू? झालं ना मले माहीत!" असं म्हणून साडभाऊंनी एकेक करून चारही वाट्या उचलल्या. नकाशाची गुंडाळी आपोआप झाली. पोहे तसेच राहिले. माझ्या उभ्या आयुष्यात मी ह्या माणसावर इतका कधी संतापलो नव्हतो. असल्या शुद्धपणाला काय जाळायचं, असं तोंडावर म्हणून मी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडतो तर ताई. लग्नाकार्यातली साडी नेसलेली, हातात पिशवी. "जावईबापू, स्कूटर काढा. त्या प्लॉटवाल्याच्या ऑफिसात जायचं आहे." तिथला मॅनेजर गुळगुळीत बोलणारा. ताईनं प्लॉट परत घ्या म्हटल्यावर त्याला वाटलं भाव वाढवून मागते आहे. जेव्हा कळलं की ज्या भावानं घेतला त्याच भावानं परत देते आहे, आणि आत्ताच्या आत्ता, तेव्हा तो खुर्चीतून उठला. "दीदी, क्या कर रही हैं? दो साल रुक जाइए, सोना हो जाएगा! भाईसाहब, आप समझाइए न!" मी काय समजावणार? ताई म्हणाली, "मेरे आदमी को ग्यारह बजे वोट देना है. जल्दी करो." तो माणूस सही घेताना दोनदा माझ्याकडे पाहत होता, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे का म्हणून. मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

परत येताना तेलीबांध्याच्या तलावाशी ती म्हणाली, जरा थांबवा. गाडी लावली. ती पाण्याकडे पाहत उभी राहिली. रडली नाही. नुसती म्हणाली, "कोपऱ्याचा होता, दोन्हीकडून हवा. आता चला, त्यायले उशीर व्हायचा." कारखान्याच्या फाटकावर साडभाऊ उभेच होते. ताईनं पिशवीतून पावती काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली, आणि मी पहिल्यांदा पाहिलं की ह्या माणसाला बोलायला एकही नियम सापडत नव्हता. ते तसेच वळून आत गेले. प्रस्ताव पडला.

आता तुम्हाला वाटेल की पुढे ती जमीन वादात सापडली, कोर्टात अडकली, आणि सगळे साडभाऊंच्या पाया पडले. छे! जमीन दहापट झाली. दहापटीहून जास्त झाली. ज्यांनी-ज्यांनी घेतली त्यांनी बंगले बांधले. साडभाऊ गोल बाजारात भाजी घ्यायला निघाले की कारखान्याची माणसं एकमेकांना कोपरानं ढोसायची: "यही हैं, जिनने हमको डुबाया." पुढच्या निवडणुकीत ते पडले, एका अंगठेबहाद्दराकडून पडले. पेन्शन मात्र दर महिन्याला बिनबोभाट येत राहिली, आणि बिनबोभाट येणाऱ्या गोष्टीची आठवण कोण ठेवतो? मध्यंतरी कायदाही थोडा सैल झाला. आता म्हणे असल्या निधीतला अगदी लहान वाटा इमारतींत पैसा घालणाऱ्या, बाजारात नोंदलेल्या ट्रस्टच्या युनिटांत ठेवता येतो. मी पेपर घेऊन धावत गेलो. साडभाऊंनी चष्मा लावून बातमी वाचली, पुन्हा वाचली, आणि इतके सुन्न बसले की मला वाटलं डॉक्टर बोलवावा. मग म्हणाले, "युनिट हाय. जमीन नाही. विकता येते." पण आवाजात जोर नव्हता.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलानं राजधानीच्या त्या नव्या शहरात फ्लॅट घेतला. तो दाखवायला मी दोघांना गाडीत घालून नेत होतो. साडभाऊ आता थकले आहेत, काठी घेऊन चालतात. तेलीबांधा मागे पडलं, आणि एका वळणावर ते एकदम म्हणाले, "थांबव." मला वाटलं त्यांना मळमळतं आहे. रस्त्याच्या कडेला कोपऱ्यावर एक घर होतं, पिवळ्या रंगाचं, साधंच, दारात बोगनवेल. ताईनं ओळखलं आणि ती पदर सारखा करत दुसरीकडे पाहायला लागली. "चला ना," ती म्हणाली, "पोट्टा वाट पाहत असन."

साडभाऊ उतरले. काठी टेकत त्या घराच्या फाटकाशी गेले आणि त्यांनी कडी वाजवली. परक्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिणारा हा माणूस! मी धावत मागे गेलो. आतून एक तरुण बाई आली, कडेवर मूल. साडभाऊंनी हात जोडले. "बेटी, ये जमीन मेरी घरवाली की थी. मेरे कारण गई. उसको एक बार भीतर से देखने दोगी? बस, दो मिनट." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाई गोंधळली, माझ्याकडे पाहिलं, गाडीत बसलेल्या ताईकडे पाहिलं. मग म्हणाली, "हव, आइए न अम्मा." ताई आधी येईना. मग आली. चपला दाराबाहेर काढून आत गेली. साडभाऊ आत गेले नाहीत. फाटकाचा गज धरून उन्हात उभे राहिले, आणि मी त्यांच्याशेजारी.

ताई आली, त्या बाईच्या बाळाच्या गालाला हात लावून गाडीत बसली. आम्ही निघालो.

"कसं हाय?" साडभाऊंनी शेवटी विचारलं.

"चांगलं आहे. हवा येते दोन्हीकडून." मग ती म्हणाली, "स्वैपाकाचा ओटा बुटका केला त्यायनं. मी उंच केला असता."

"किती उंच?"

"इतका," म्हणून ताईनं बसल्या-बसल्या हात धरून दाखवला, आणि साडभाऊंनी मान वळवून तो हात नीट पाहून घेतला.